जिमीन नीट ठिव

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात मला फार थोड्या गोष्टी करायला सांगितल्या. त्यातली एक मी इतक्या मनापासून केली, की त्यांनी उभ्या जन्मात जपलेलं बी संपायची वेळ आली.

मी पूर्णेची. वडील रेल्वेत, त्यामुळे वाढले ती क्वार्टरमध्ये. खाली शहाबादी फरशी, मागच्या दारी सिमेंटचा ओटा. शेंगदाणे दुकानातून पुडीत यायचे आणि जमीन म्हणजे पायाखालची फरशी, ती रोज सकाळी पुसायची, एवढंच मला ठाऊक. लग्नानंतर वर्षभरात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी लागली आणि सेलू तालुक्यात, वालूरच्या पुढच्या एका गावात आम्ही बिऱ्हाड केलं. नवरा सेलूला कचेरीत कारकून. सकाळच्या एसटीनं जायचा, दिवेलागणीला परत यायचा. भाड्याच्या दोन मातीच्या खोल्या, पुढं ओसरी आणि मागं बऱ्यापैकी मोठं परस, असं आमचं घर होतं.

विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा रान पेटलं त्या पावसाळ्यात सासूबाईंच्या गावी, आमच्या वस्तीवर, जे झालं ते झालं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत आणि आम्हीही खोदून विचारलं नाही. नवरा गेला आणि त्यांना घेऊन आला. त्यांच्या गाठोड्यात दोन लुगडी, काचेला तडा गेलेली एक तसबीर आणि घट्ट गाठ मारलेली एक चिंधी होती. मला वाटलं, किडुकमिडुक दागिने असतील. गाठ सोडली तर आत राखेनं माखलेल्या भुईमुगाच्या शेंगा निघाल्या.

हळूहळू त्याची हकिकत कळली. सासूबाईंना स्वतःचं रान कधीच नव्हतं. लहानपणापासून त्या दुसऱ्यांच्या रानात भुईमूग उपटत आल्या. मजुरी शेंगांतच मिळायची. त्या शेंगांतून त्या दरसाल सगळ्यात टपोऱ्या निवडून राखेत घालून बियाण्याला म्हणून वेगळ्या काढायच्या. शेंगेत तीन-तीन दाणे, साल लालबुंद. वस्तीतल्या बाया हसायच्या, हिला रान ना शिवार अन् बी राखती. मृग आला की पेरायला जागा नसायची, मग सुगी तोंडावर आली की त्या शेंगा भाजून खाऊन टाकायच्या आणि पुन्हा नव्या राखायच्या. आता गाव सुटलं होतं आणि नवं बी मिळायचं नव्हतं. चिंधीत होतं ते शेवटचं.

आल्यानंतर कितीतरी महिने त्या ओसरीच्या कोपऱ्यात नुसत्या बसून असायच्या. पुढच्या उन्हाळ्यात एकदा त्या मागच्या दारात उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलाला विचारलं, "भाड्यात ही जिमीन बी आली का रे?"

तो हसला. म्हणाला, आली की, भाडं देतोय तोवर आपलीच. सासूबाईंनी चपला काढल्या आणि परसाची लांबी-रुंदी पावलांनी मोजली. दोनदा मोजली. मग भिंतीच्या कडेची तीन हात रुंदीची पट्टी त्यांनी स्वतः खणली, खडे वेचले, राख आणि लेंडीखत मिसळून माती पिठासारखी केली. आडाचं पाणी शेंदून आणायला मी होते. मृगाचे दोन पाऊस पडून गेल्यावर त्यांनी अंगठ्यानं एकेक शेंग फोडली आणि पन्नासेक दाणे लावले.

बी जुनं झालेलं. तेराच उगवले. दोन खारीनं नेले, राहिले अकरा. सासूबाई रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ते मोजायच्या, जसं काही कुणी उचलून नेणार होतं. एकदा मला जवळ बोलावून त्यांनी स्पष्टच सांगितलं, "औंदा शेंग धरली तर माझं वाण राहिलं. न्हाई तर गेलं म्हण." मी मान डोलावली. अकरा रोपं काय आणि त्यांचं वाण काय, मनातून मला ते म्हाताऱ्या माणसाचं खूळ वाटत होतं.

शाळेत त्याच सुमाराला मी वनस्पतीचे भाग शिकवत होते. जमिनीखाली येतात ती मुळं, असं माझं सोपं गणित. गल्लीतल्या चार मुली संध्याकाळी ओसरीवर अभ्यासाला बसायच्या आणि माना हलवून पाठ करायच्या, मुळा, गाजर, रताळं, भुईमूग ही मुळं आहेत. सासूबाई समोर डाळ निवडत बसलेल्या असायच्या. एकदा त्यांचा हात थांबला, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा डाळ निवडायला लागल्या. मला वाटलं, सुनेचं कौतुक वाटलं असेल.

श्रावणाच्या तोंडाला रोपांवर फुलं आली. पहाटे उमलायची, हळदीसारखी पिवळी, पाकळी इतकी नाजूक की फुंकर मारायची भीती वाटावी. दुपारी शाळेतून जेवायला यावं तर ती मान टाकून सुकलेली असायची. दुसऱ्या सकाळी नवी. मुळ्यालाही फुलं येतातच, म्हणून मला त्यात काही खटकलं नाही. फूल वर, मुळं खाली, दोघांचा काय संबंध, अशी माझी समजूत होती.

अशात चुडाव्याहून कार्ड आलं. माझी नणंद तिथं दिली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. सासूबाईंचा पाय निघेना, पण जाणं भाग होतं. त्यांना सेलूच्या एसटीत बसवायला मी गेले. सीटवर बसल्यावर त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. गाडी धडधडत होती, कंडक्टरनं घंटी मारली आणि त्या घाईत सासूबाई म्हणाल्या, "आऱ्या सुटायल्यात. जिमीन नीट ठिव."

इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं, आळ्या सुटायल्यात. आणि जमीन नीट ठेवायची म्हणजे काय करायचं, हे कुठल्याही घरातल्या बाईला सांगावं लागत नाही.

आता सारवण हे माझं दुखणं होतं. फरशीवर वाढलेल्या मुलीला शेणाचा हात कुठून येणार? माझ्या सारवणाला कधी भेगा पडायच्या, कधी नुसते फराटे उठायचे. तुझं सारवणं म्हंजी फळ्यावरचा नकाशा हाय, असं सासूबाई म्हणायच्या आणि शेजारणीलाही बोलावून दाखवायच्या. तेव्हा मी ठरवलं, त्या येईपर्यंत परस असं करून ठेवायचं की पाहत राहिल्या पाहिजेत. पावसानं उघडीप दिली होतीच. रविवारी पांढरी माती भिजवली, पसरली, शेजारणीचं चोपणं मागून आणून सगळं परस ठोकून ठोकून सपाट केलं. त्यावर शेणाचे दोन हात दिले. आळ्यांसाठी म्हणून शेणात राख आणि कडुलिंबाचा पाला वाटून घातला. भुईमुगाची पट्टी तर मी खास लक्ष देऊन केली. डाव्या हातानं फांद्या उचलून धरायच्या आणि उजव्या हातानं चुलीभोवती सारवावं तसं अगदी बुडख्यापर्यंत गुळगुळीत सारवायचं. पाठ मोडून आली, पण कुठं एक भेग म्हणून पडली नाही. पुढच्या बुधवारी पुन्हा एक हात दिला.

सासूबाई पंधरा दिवसांनी, शनिवारी दुपारच्या गाडीनं आल्या. नात झाल्याचं सांगितलं, पाय धुतले आणि तडक मागच्या दारी गेल्या. मी कौतुक ऐकायला त्यांच्या मागोमाग.

त्या पट्टीपाशी उकिडव्या बसल्या. तळहात सारवणावरून हळूहळू या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला.

"लय चांगलं सारवलंस," त्या म्हणाल्या.

मला खरंच आनंद झाला. मग त्यांनी एका रोपाची फांदी दोन बोटांनी वर उचलली आणि मला वाकायला सांगितलं. फांदीच्या पेरातून, जिथं फूल येऊन सुकून गेलं होतं तिथून, जांभळट रंगाचा एक दोरा खाली उतरला होता. बोटाच्या पेराएवढा. त्याचं टोक चांभाराच्या आरीसारखं अणकुचीदार. ते टोक माझ्या गुळगुळीत सारवणाला टेकलं होतं आणि आत शिरता येईना म्हणून आडवं वळलं होतं. एकेका फांदीला असे चार-चार, पाच-पाच दोरे होते. काहींची टोकं काळी पडून वाळली होती.

"ही आरी," सासूबाई म्हणाल्या. "फुलातनं निघती अन् मातीत शिरती. शिरली तर तिची शेंग व्हती. हिला शिरायला जागा कुठं हाय?"

मी चाचरत सांगितलं, मला आळ्या ऐकू आलं. आणि तुम्हीच म्हणालात ना, जमीन नीट ठेव.

त्यांनी सारवणावर बोटानं टकटक केलं. "जिमीन म्हंजी माती गं, बाई."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी तिथंच बसून रडले. अकरा रोपं, शेवटचं बी, आणि मी त्याच्यावर चोपणं चालवलं होतं. ज्याला मी खूळ म्हणत होते ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं पीक होतं, हे मला त्या क्षणी कळलं.

सासूबाईंनी खुरपं आणलं, पण एकदाच टेकवून बाजूला ठेवलं. त्यांची नजर अधू झाली होती, हात राठ. खुरप्यानं आऱ्याच तुटतील, त्या म्हणाल्या, तुझे हात खडू धरायचे, मऊ हायेत, तूच कर. मग मी ओली फडकी सारवणावर पसरून ते मऊ केलं आणि पोटावर पालथी पडून तव्याच्या उलथन्यानं एकेक पापुद्रा सोडवायला लागले. रविवार त्यात गेला. सोमवारी किरकोळ रजा टाकली आणि कारण लिहिलं, घरगुती. माझं नाक मातीपासून चार बोटांवर होतं. सासूबाई शेजारी बसून पितळी तांब्यातून चूळभर चूळभर पाणी सोडत होत्या. माझ्या चुकीची शिक्षा म्हणून मी खाली वाकले होते, पण थोड्याच वेळात मी शिक्षा विसरले.

कारण इतक्या जवळून मी काहीच पाहिलं नव्हतं. अजून जमिनीला न टेकलेली प्रत्येक आरी सरळ खाली चालली होती. फांदी कुठल्याही बाजूला वळलेली असो, आरीला खालची बाजू बरोबर ठाऊक होती. एका आरीजवळ मी परकराच्या नाडीचा लाल धागा काडीला बांधून खूण केली. पहिल्या दिवशी तिचं टोक मातीपासून गव्हाच्या दाण्याएवढं दूर होतं. दुसऱ्या दिवशी टेकलं. तिसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या चप्पलही न काढता मी मागं गेले, तर टोक दिसेना. ती आत गेली होती. तिला कुणी ढकललं नव्हतं. मातीवर सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं, बस.

एका सकाळपुरतं जगलेलं फूल. दुपारी ते मेलं, असं मी समजत होते. आणि त्याच्या पोटातून निघून हे डोळे नसलेलं टोक उजेड सोडून अंधाराकडे चाललेलं. मी तेवीस वर्षं शेंगदाणे खात होते, पोह्यांत, चटणीत, उपासाला नाही तर सहज चाळा म्हणून, आणि या एकेका दाण्यानं एवढा प्रवास केलेला असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सासूबाईंना विचारलं, वरच का नाही शेंग धरत? इतका खटाटोप कशाला?

"उजेडात धरत न्हाई ती," त्या म्हणाल्या. "अंधारच लागतो तिला." त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं असं मी समजले. पण त्यांच्याकडे पाहिलं तर त्याही माझ्यासारख्याच त्या भोकाकडे एकटक बघत बसल्या होत्या.

तेव्हाच मला ओसरीवरचं पाठांतर आठवलं. मी विचारलं, मुली भुईमूग हे मूळ आहे म्हणत होत्या, तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "तू शाळा शिकलेली. मी उभा जन्म उपटायलेय, तरी मला वाटलं, माझंच चुकलं आसंल."

मी रिकामा तांब्या उचलला आणि पाणी आणायला आडावर गेले.

नवरात्राच्या आधी एका सकाळी मी शाळेला निघाले तर सासूबाई परसात उभ्या. अकरापैकी एका रोपाला त्यांनी बुडात धरलं आणि मी नको नको म्हणेपर्यंत उपटलं. शेंगा अजून कोवळ्या, पांढऱ्याफटक, बियाण्याच्या कामाच्या नाहीत. एकेक रोप त्या कसं मोजत होत्या हे मी पाहिलं होतं. मी म्हटलं, आत्याबाई, हे काय केलंत? त्या म्हणाल्या, पोरींना वाईट शिकवलंस ते नीट कर, माझं एक झाड गेलं तर जाऊ दे.

आणि त्या माझ्याबरोबर शाळेत आल्या. वर्गाच्या दारात चपला काढून उंबऱ्याबाहेरच थांबल्या. शाळेच्या आत त्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. मी हाताला धरून आत आणलं. त्यांनी रोप माझ्या टेबलावर ठेवलं आणि पदरानं टेबलावरची माती पुसली. मी मुलांना सांगितलं, पावसाळ्याच्या सुरुवातीला मी तुम्हाला चूक शिकवलं, आता खरं काय ते या सांगतील. सासूबाईंनी मुळी दाखवली, फूल कुठं होतं ते दाखवलं, तिथून बोट आरीवरून खाली खाली नेत शेंगेपर्यंत आणलं. आवाज इतका बारीक की मागची मुलं बाकं सोडून पुढं आली. मी मुळांची जुनी यादी फळ्यावर लिहून तिच्यातला भुईमूग पुसला. तिथं काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून तेवढी जागा मोकळीच ठेवली.

दसऱ्यानंतर पानं पिवळी पडली. सासूबाईंनी अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसल्या आणि पट्टीपाशी बसल्या. दुसऱ्याच्या रानात दिवसभरात वाट्याला आलेल्या ओळींची अख्खी पात उपटणारी बाई, पण पहिल्या रोपाला हात घातला तो तसाच राहिला. "हात धजत न्हाई गं," त्या म्हणाल्या. मी सूप त्यांच्या पुढं सरकवलं. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच उपटलं.

भिंतीकडच्या बाजूला, जिथं माझा हात नीट पोचला नव्हता, तिथं शेंगा बऱ्या धरल्या होत्या. अंगणाकडच्या बाजूला कमी. दहा रोपांच्या मिळून सुपाचा तळ झाकेल एवढ्याच शेंगा झाल्या. पण टपोऱ्या होत्या आणि एक फोडून पाहिली तर आत तीन दाणे, लालबुंद. सासूबाईंनी एक माझ्या हातावर ठेवला, एक मुलाच्या, एक स्वतःच्या तोंडात टाकला. बाकी सगळं राखेत.

त्यात एक शेंग चपटी निघाली. सारवणाच्या पापुद्र्याखाली सापडून एका अंगानं दबलेली, पण दाणे भरलेले. सासूबाईंनी ती उन्हात धरून उलटसुलट पाहिली आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसल्या. ही मास्तरणीची, त्या म्हणाल्या, आणि बियाण्यात टाकली. पुढच्या वर्षी तिचं रोप त्यांनी वेगळं लावलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायच्या, हे आमच्या मास्तरणीनं सारवलेलं झाड. माझी बदली होत गेली, घरं बदलली, दर घरी भिंतीकडेला तीन हातांची पट्टी निघाली. नाहीच जागा मिळाली तर डालड्याचे डबे. एकाही साली बी तुटलं नाही.

विद्यापीठाच्या पाटीवर शेवटी नाव लागलं त्या उन्हाळ्यात आमचं सेलूतलं घर बांधून झालं. गवंड्यानं मागच्या परसात कोबा करायला घेतला. मी त्याला सांगितलं, भिंतीपासून तीन हात सोड. तो म्हणाला, बाई, पाणी मुरंल, भिंत ओल धरील. मी म्हटलं, धरू दे.

सासूबाई बाजेवर बसून ऐकत होत्या. आता त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "ही जिमीन भाड्याची हाय का आपली?"

"आपली, आत्याबाई. तुमच्या नावावर आहे."

नवऱ्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. कचेरीत नेऊन त्यांचा अंगठा घेतला तेव्हा त्यांना वाटलं होतं, रेशनचं काहीतरी असेल. मी म्हटलं, तो अंगठा याचाच होता.

त्यांनी उजव्या हाताचा अंगठा बोटांनी चाचपून पाहिला. मग बाजेवरून उतरल्या, चपला काढल्या आणि भिंत धरत धरत परस पावलांनी मोजलं. दोनदा. गवंडी थापी हातात घेऊन वाट पाहत उभा होता.

"मंग त्याला म्हनावं," सासूबाई म्हणाल्या, "सिमिट माघारी ने."

गवंड्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मालकीण सांगतात तसं करा. त्या मृगाला आम्ही अख्ख्या परसात भुईमूग लावला. सारवायला आता पुढचं अंगणच काय ते उरलं होतं.